'जस्ट फॉर अ डे'ची पार्श्वभूमी: गाणी नसताना ठोकलेला अल्बम

'जस्ट फॉर अ डे' हा स्लोडाइव्ह या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम एका थापेवर उभा आहे. क्रिएशन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा मालक अ‍ॅलन मगी याला बँडचा गायक-गिटारवादक नील हॉल्स्टेडने बिनदिक्कत सांगून टाकलं, की अल्बमभर गाणी तयार आहेत. तशी ती नव्हती.

बँड इंग्लंडमधल्या रेडिंग गावचा, १९८९मध्ये जमलेला. हॉल्स्टेड आणि बँडची गायिका रेचल गॉसवेल बालपणापासूनचे दोस्त. आणखी एक गिटारवादक हवा म्हणून दिलेल्या जाहिरातीत मुलगीच हवी असं म्हटलं होतं. उत्तर आलं एकट्या क्रिस्टियन सॅव्हिलचं: गरज पडली तर ड्रेस घालून वाजवीन! घेतलं त्याला. पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) नोव्हेंबर १९९०मध्ये आली. ती खरं तर त्यांची डेमो टेपच, म्हणजे नमुन्यादाखल केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. पुन्हा रेकॉर्ड करून पाहिलं, पण जुनंच बरं वाटलं. १९९१च्या मध्यापर्यंत आणखी दोन ईपी निघाल्या. समीक्षक खूश होते, तेव्हा कंपनीलाही अल्बमची घाई होणारच.

मग ऑक्सफर्डजवळच्या कोर्टयार्ड स्टुडिओत गाणी लिहिणं आणि रेकॉर्ड करणं एकदमच सुरू झालं. निर्माता ख्रिस हफर्ड. (पुढे रेडिओहेडला सांभाळणारा तो हाच.) शूगेझमध्ये, म्हणजे या बँडच्या धूसर गिटार-रॉकच्या शैलीत, एरवीही गिटारचा सूर रिव्हर्ब (घुमारा) आणि डिलेच्या (प्रतिध्वनी) पेडलांतून इतका पसरवतात, की त्याचा उगम सापडू नये. इथे शब्दही कच्चेच होते, त्यामुळे आवाजालाच पुढे व्हावं लागलं. 'कॅच द ब्रीझ' ऐकून पाहा: हॉल्स्टेड आणि गॉसवेलचे आवाज गिटारींच्या आत बुडालेले, आणि शेवटी शब्द बाजूला सारून सगळा बँड नुसता उसळत राहतो. काही गाणी एकमेकांत मिसळतात, ही तक्रार मला रास्त वाटते. पण अल्बमची गुंगीही त्या घाईतूनच आली आहे.

सप्टेंबर १९९१मध्ये अल्बम आला आणि ब्रिटिश अल्बमांच्या विक्रीयादीत ३२व्या क्रमांकापर्यंत गेला. वेळ मात्र चुकली. काल डोक्यावर घेतलेल्या शूगेझ बँडांना आपटायला संगीत साप्ताहिकांनी तेव्हाच सुरुवात केली होती. त्यांपैकी एनएमईने बरं लिहिलं, बाकी बहुतेकांनी झोडपलं. त्याच महिन्यात निर्वाणा या अमेरिकन बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि सगळ्यांचे कान अमेरिकेकडे वळले. पुढच्या अल्बमच्या वेळी, १९९३मध्ये, टीका आणखी जहरी झाली, आणि १९९५मध्ये क्रिएशनने बँडला नारळ दिला.