ग्रामीण खूनकथा, इंग्लिश

इंग्लंडमधील एखाद्या लहानशा, सर्वजण एकमेकांना ओळखतात अशा खेड्यात घडलेला खून व त्याचा उलगडा यांभोवती रचलेला रहस्यकथेचा प्रकार. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात त्याला निश्चित रूप आले. पाद्री, डॉक्टर, हिंदुस्थानातून निवृत्त होऊन परतलेला कर्नल, चौकस अविवाहित वृद्धा ही त्यातील ठरीव पात्रे.

या प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो विल्टशर-सॉमरसेट सीमेवरील रोड या गावी १८६० साली झालेल्या बालहत्येपर्यंत मागे नेतात. स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचर याने मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिच्यावर संशय घेतला. एका नाहीशा झालेल्या रात्रीच्या झग्यावर त्याची बरीचशी भिस्त होती. त्या वेळी त्याची छी-थू झाली, पण १८६५ मध्ये तिने स्वतःच कबुली दिली. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) मधील डागाळलेला झगा व गुप्तहेर सार्जंट कफ यांचे मूळ या प्रकरणात सापडते, हे सामान्यतः मान्य आहे. तथापि ही दोन्ही उदाहरणे एका घराची आहेत. गाव तेथे कुंपणाबाहेरच राहते. गावातील कुजबुज हेच तपासाचे साधन होते ते १९२० च्या दशकात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) मधील डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन घरबसल्या गावभरची बातमी काढते. खुनांचा छडा लावणारी अविवाहित वृद्धा मिस मार्पल हे ख्रिस्तीचे पात्र बहुधा तिच्यावरूनच सुचले असावे, असे ख्रिस्तीने आत्मचरित्रात म्हटले आहे. मार्पलची पहिली कादंबरी ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’ (१९३०) होय.

मार्पलचे सेंट मेरी मीड हे गाव नकाशावर बसवण्याचे प्रयत्न फोल ठरतात. याच नावाचे गाव ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ (१९२८) मध्ये केंट परगण्यात आहे. मार्पलचे गाव मात्र आधी डाउनशर व पुढे रॅडफर्डशर या कल्पित परगण्यांत जाते.

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन याने १९४८ च्या निबंधात म्हटल्याप्रमाणे खुनामुळे विटाळलेला निष्पाप समाज पूर्ववत होणे हा या कथांचा गाभा होय. ख्रिस्तीची मार्पल-कादंबरी ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) पाहता हे विवेचन अपुरे वाटते. त्यात स्थानिक वर्तमानपत्रात खुनाची आगाऊ जाहिरात येते आणि शेजारीपाजारी ठरल्या वेळी हजर होतात, काहीतरी सबब सांगत. पंधरा वर्षांपूर्वी कोण कोणाचे हे गावाला ठाऊक असे. आता नवा माणूस स्वतःविषयी सांगेल तेवढेच कळते, असे मार्पल म्हणते. शिधापत्रिका व ओळखपत्र असले की कोणीही खपून जातो. युद्धोत्तर काळातील हा अनोळखीपणाच तेथे गुन्ह्याला वाव देतो.

अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलरने १९४४ मध्ये अशा कथांच्या कृत्रिमतेवर टीका केली. इंग्लिश रहस्यकथाकार कॉलिन वॉटसनने १९७१ मध्ये या गावांना ‘मेहेम पार्वा’ (‘मेहेम’ म्हणजे हिंसक धुमाकूळ, ‘पार्वा’ हा इंग्लिश खेड्यांच्या नावांतील ‘लहान’ या अर्थाचा लॅटिन शब्द) असे उपहासाने नाव दिले. डोरोथी सेयर्सच्या ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) ला हा उपहास फारसा लागू पडत नाही: दलदलीचा प्रदेश, पूर आणि चर्चच्या घंटा वाजवण्याची गणिती पद्धत यांमुळे ते गाव खरे वाटते.

कॅरोलाइन ग्रॅहमच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘मिडसमर मर्डर्स’ ही दूरचित्रवाणी मालिका १९९७ मध्ये सुरू झाली.