इंजिन बसलं, आता पेट्रोलचं काय?

जुन्या पिकअपमध्ये इंजेक्शनवालं नवं इंजिन टाकायचं म्हटलं की डोळ्यांपुढे चेनपुली, वेल्डिंग आणि पान्यांचा ढीग येतो. काम कष्टाचं आहेच. माउंटिंग नव्याने बनवावी लागतात, ऑइल चेंबर चासीच्या आडव्या पट्टीला अडतं, गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत. पण लोखंडाच्या या तक्रारी मोजमाप घेऊन मिटवता येतात. इंजिन जागेवर बसलं, की मग खरी डोकेदुखी सुरू होते, कारण जुन्या कार्बोरेटरवाल्या आणि नव्या इंजेक्शनवाल्या इंजिनाची पेट्रोल मोजायची रीतच वेगळी.

कार्बोरेटरमध्ये मोजणी हवाच करते. इंजिनाने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकातून आपोआप खेचलं जातं. विजेची गरज नाही, गणिताची नाही. मात्र हवा विरळ झाल्याचं या रचनेला नीट उमगत नाही. समुद्रसपाटीपासून 3 हजार मीटर वर हवेची घनता जेमतेम तीन चतुर्थांश उरते, जेट मात्र तोच. मग मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, ताकद पडते, धूर काळा येतो. थंडीत चोक ओढत बसायचं ते वेगळंच.

1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. इंजेक्शनवालं इंजिन हे प्रमाण हिशेब करून गाठतं. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. बऱ्याच इंजिनांत त्यातले एक-दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर दात मोजत राहतो आणि मोकळी जागा आली की पिस्टन कुठे आहे ते कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिनाच्या छोट्या संगणकाला कळतं. काही इंजिनांत आत येणारी हवा थेट मोजतात, तर काहींत मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या दाबावरून तिचा अंदाज घेतात. दाबाची ही युक्ती बॉशच्या डी-जेट्रॉनिकने 1967 मध्येच फोक्सवॅगन 1600 वर वापरली होती. त्यात तापमान आणि थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची माहिती मिसळली की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. मिनिटाला 6000 फेऱ्या असताना इंजिनाचं पूर्ण चक्र 20 मिलिसेकंदांत उरकतं. म्हणजे घाई केवढी, बघा.

पण उघडा ठेवायचा वेळ मोजून पेट्रोल तेव्हाच मोजलं जातं, जेव्हा इंजेक्टरमागचा दाब ठरलेला असतो. जुना मेकॅनिकल पंप 4 ते 7 पीएसआय (दाबाचं एकक) देतो. मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या इंजेक्शनला बहुधा 40 ते 60 लागतात. जुनाट रबरी पाइपावर एवढा दाब टाकणं म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोलच्या फवाऱ्याची सोय करणं. विजेवरचा पंप शक्यतो टाकीच्या आत बसवतात, पेट्रोलनेच तो थंड राहतो. पण जुन्या टाकीला आत आडपडदे पुरेसे नसतात. टाकी पाव भरलेली, गाडी लांब वळणावर. पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि गाडी झटके खाते. कार्बोरेटरला हा गचका जाणवायचासुद्धा नाही, कारण वाटीत थोडा साठा असायचा. इथे तशी वाटी नाही. म्हणून पंपाभोवती लहान डबा बसवतात, किंवा सरळ इंजेक्शनच्या गाडीची टाकी घालतात. माझ्या मते टाकी बदललेलीच बरी.

सगळ्यात जास्त चकवतो तो एक्झॉस्टमध्ये बसून धुरातला ऑक्सिजन तपासणारा ऑक्सिजन सेन्सर. 1976 मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांतून आलेला हा झिर्कोनियाचा तुकडा सुमारे 300 अंश सेल्सिअसला तापला की बोलू लागतो: मिक्स्चर रिच असेल तर जवळपास 0.9 व्होल्ट, लीन, म्हणजे पेट्रोल कमी असेल तर 0.1 च्या आसपास. आता जुन्या एक्झॉस्टच्या जोडाला केसाएवढी फट आहे असं समजा. धुराचा एकेक ठोका पुढे गेला की मागे क्षणभर दाब उतरतो आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणून सांगतो, कंट्रोल युनिट पेट्रोल वाढवतं. प्लग काळे पडतात, मागे पेट्रोलचा वास सुटतो आणि दोष वाचणारा स्कॅनर मात्र पेट्रोल कमी पडतंय म्हणून ओरडत राहतो. लोक इंजेक्टर बदलतात, सेन्सर बदलतात, पंपावर संशय घेतात. दोष असतो जोडातल्या साध्या गास्केटचा.

अर्थिंगचंही असंच. बरेच सेन्सर 5 व्होल्टवर चालतात, त्यामुळे गंजलेल्या चासीत थोडे व्होल्ट हरवले तरी आकडे चुकतात. रंग खरवडून, उघड्या धातूवर, इंजिन ते चासी जाड पट्टी जोडल्याशिवाय पुढची तपासणी करूच नये.

शिवाय कंपनीचं कंट्रोल युनिट मूळ गाडी शोधत असतं. चावीचा ओळख-संकेत मिळाला नाही तर काही इंजिनं सुरू होऊन दोनेक सेकंदांत बंद पडतात. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याला जुळणारा अ‍ॅक्सिलरेटर पेडलही हवा. म्हणून अनुभवी लोक इंजिन, वायरिंग, कंट्रोल युनिट आणि पेडल एकाच गाडीतून उचलतात. कापलेल्या वायरी स्वस्तात मिळतात खऱ्या, पण त्या जोडण्यात महिने जातात.

जुन्या डॅशबोर्डवरचे काटे हवे असतील तर अजून एक भानगड. तापमानाच्या काट्याला हवा असतो जुन्या पद्धतीचा सेन्सर, ज्याचा विद्युत रोध त्याच्या हिशेबाने बदलतो. कंट्रोल युनिटला तो चालत नाही. मग त्याच पाण्यात दोन सेन्सर बसतात, एक काट्यासाठी आणि एक हिशेबासाठी.