ऑनलाइन शिक्षण आणि विद्यार्थ्यांचे समाधान : पार्श्वभूमी

ऑनलाइन शिक्षणाने विद्यार्थ्यांचे समाधान कशामुळे होते, हा प्रश्न मार्च २०२० नंतर घरोघरी विचारला जाऊ लागला आणि त्यामुळे तो टाळेबंदीतच जन्मला असा समज झाला. वस्तुतः शिकवणारा एका गावी आणि शिकणारा दुसऱ्या गावी असला की हा प्रश्न उभा राहतोच. वडोदऱ्यातल्या मराठी वाचकाला त्याची एक जुनी खूण मांडवी परिसरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात सापडेल.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सर्व बडोदा संस्थानात लागू केले. परंतु शाळा सुटल्यावर मुले अक्षरे विसरतील, ही चिंता उरलीच होती. १९१० मध्ये अमेरिकेतून आलेले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. पेटीतली पुस्तके वाचून झाली की ती परत येई आणि तिच्या जागी दुसरी रवाना होई. दूरस्थ शिक्षणाचा एवढा सुंदर आरंभ आपल्या शहरात झाला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरीही पेटीतून पुस्तक येते, शंकेचे उत्तर येत नाही, ही त्या व्यवस्थेची मर्यादा होती आणि पुढच्या शंभर वर्षांच्या कथेचे बीज त्याच मर्यादेत आहे.

टपालाने शिकवणाऱ्यांना हे लवकर उमगले होते. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये लघुलिपीचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली, तेव्हा विद्यार्थ्याने स्वाध्याय लिहून पाठवायचा आणि तो तपासून परत यायचा, हा त्या पद्धतीचा गाभाच होता. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले; १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त विद्यापीठांनी छापील पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे, संमंत्रक (तेथे मार्गदर्शन करणारे शिक्षक) आणि संपर्क सत्रे ठेवली, ती याच जाणिवेतून. दूरस्थ पदवी घेतलेल्या कोणालाही विचारावे : पुस्तकाच्या कागदाविषयी तो बोलणार नाही, तपासलेला स्वाध्याय वेळेवर परत आला की परीक्षा उलटून गेल्यावर आला, हे मात्र त्याला वीस वर्षांनंतरही आठवते.

त्याच सुमारास वडोदऱ्यात या प्रश्नाची दुसरी बाजू तपासली जात होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात असे मांडले होते की, पाठ्यांश लहान लहान चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीनंतर विद्यार्थ्याला उत्तर द्यायला लावावे आणि ते बरोबर की चूक हे तत्काळ कळवावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात या क्रमान्वित अध्ययनावर बरेच संशोधन झाले. आजच्या ऑनलाइन पाठांत व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारतो आणि लगेच निकाल दाखवतो, त्याचे मूळ याच विचारात आहे.

उपग्रहाचा काळ मात्र उलट दिशेने गेला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शन पोहोचले आणि १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर देशभर दिसू लागले. पोहोच अफाट वाढली. पडद्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाने दुतर्फा संवादाची वाट काही प्रमाणात उघडली.

समाधानाची शास्त्रीय मांडणी यानंतर समजून घेणे सोपे जाते. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये ग्राहकांच्या संदर्भात दाखवले की, समाधान हे मिळालेल्या गोष्टीइतकेच आधीच्या अपेक्षेवर अवलंबून असते. मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्याचा पाठ्यसामग्रीशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायांशी होणारा संवाद असे तीन प्रकार वेगळे केले. त्याआधीच त्यांनी असेही मांडले होते की, दूरस्थ शिक्षणातले खरे अंतर मैलांत मोजता येत नाही. संवाद जितका कमी तितके ते वाढते. २००० मध्ये गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी ऑनलाइन वर्गात शिक्षकाचे अस्तित्व जाणवणे, सोबत्यांचे अस्तित्व जाणवणे आणि विचारांची देवाणघेवाण होणे या तीन गोष्टींवर भर दिला. पुढील अभ्यासांत समाधानाशी वारंवार जोडल्या गेलेल्या बाबी, म्हणजे शिक्षकाचा प्रतिसाद, अभ्यासक्रमाची सुस्पष्ट आखणी, तंत्राची सुलभता आणि विद्यार्थ्याचा स्वतःवरचा विश्वास, बहुतांशी याच चौकटीत बसतात. २०१२ नंतर आलेल्या जगव्यापी खुल्या अभ्यासक्रमांत लाखोंनी नावे नोंदवली आणि पूर्ण करणारे थोडेच उरले, याचाही उलगडा संवादाच्या या उणिवेतून होतो.

टाळेबंदीने या सगळ्यात साधनांची विषमता मिसळली. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. तरी घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती वर्गाच्या वेळी असणे यांत फरक होता. वडोदऱ्याच्या मराठी घरांत भाषेची आणखी एक पायरी होती. घरी मराठी, शेजारी गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारा विद्यार्थी वर्गात शेजारच्या मित्राला हळूच गुजरातीत अर्थ विचारून घेत असे. आवाज बंद ठेवलेल्या पडद्यावरच्या वर्गात तो मित्रच नाहीसा झाला. हे नुकसान मला इंटरनेट तुटण्यापेक्षा मोठे वाटते, कारण ते कोणाच्या नोंदीत आले नाही.

स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले, आणि त्यावरील अभ्यासक्रमांतून घेता येणाऱ्या श्रेयांकांची (क्रेडिट्सची) मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. पदवीचा एवढा मोठा वाटा पडद्यावरून मिळवता येत असताना, सत्राअखेरीस भरून घ्यायच्या अभिप्राय-पत्रकात व्हिडिओ स्पष्ट दिसला का, याच्या जोडीला विचारलेल्या शंकेचे उत्तर किती दिवसांनी आले, हाही रकाना असायला हवा.