मोठे इंजिन आणि जुने ब्रेक : फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांतील बदलांची पार्श्वभूमी

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले की सिमरोलनंतर माळव्याचे पठार संपते आणि भेरूघाटाची वळणे सुरू होतात. ओंकारेश्वरच्या दर्शनाला जाणारी इंदूरची मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे याच उताराने नर्मदेकडे जात आली आहेत. आमच्या घरातल्या जुन्या मारुती झेनमध्ये माझ्या मामेभावाने भंगारात निघालेल्या, मारुतीच्याच थोरल्या एस्टीमचे इंजिन बसवून घेतले, तेव्हा ती गाडीही पहिल्यांदा याच घाटात नेली गेली. चढावर गाडी अशी धावली की आम्ही सगळे हरखून गेलो. उतारावर मात्र चोरलच्या अलीकडे ब्रेकचे पेडल हळूहळू मऊ होत गेले आणि एका वळणाआधी ते थेट तळाला टेकले. मामेभावाने दुसरा गिअर टाकून आणि हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली. चाकांजवळ हात नेता येत नव्हता, इतकी धग होती. इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीने ब्रेकला हातच लावलेला नव्हता आणि आमच्यापैकी कोणी त्याला तसे सांगितलेही नव्हते. या लेखाचे निमित्त तो प्रसंग आहे. त्यातून पुढे आलेला प्रश्न मात्र आमच्या एका गाडीपुरता नाही, कारण इंजिन आणि ब्रेक यांची फारकत कशी झाली, याला बराच जुना इतिहास आहे.

आधी उताराचा हिशेब पाहू. माणसांसह एक टन वजनाची गाडी ३०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना लागणाऱ्या ऊर्जेच्या साडेसात पट असते. त्यातला काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध घेतात, उरलेला उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जातो. वेगाचा हिशेब याहून कठोर आहे. ताशी ८० ऐवजी १२० वेगाने जाणारी गाडी थांबवायची असेल, तर ब्रेकना दीड पट नव्हे, सव्वादोन पट काम करावे लागते. मोठे इंजिन बसवणारा माणूस नेमका हाच वेग विकत घेत असतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या, म्हणजे फ्रंट-व्हील ड्राइव्ह, गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन चाकांत जोर वाटणारे डिफरन्शियल हे सारे पुढच्या धुऱ्यावर असते. ब्रेक मारताच उरलेले वजनही पुढे झुकते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या दोन ब्रेकवर येऊन पडते.

या मांडणीचा लोकप्रिय इतिहास १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनीपासून सांगितला जातो. त्याआधीही फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्या होत्या आणि १९३४ ची सिट्रोएन त्राक्स्यों आवां हे त्याचे मोठे उदाहरण. पण इंजिन आडवे बसवून छोट्या गाडीत चार माणसांना जागा करून देण्याची युक्ती अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनीत रूढ केली. त्या ८४८ सी.सी.च्या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून पट्टे दाबणारे ब्रेक, होते. मागचा भाग हलका असल्याने मागच्या ब्रेककडे जाणारा दाब मर्यादित ठेवणारी झडपही तिच्यात होती. पुढे शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या आग्रहाने १९६१ मध्ये ९९७ सी.सी.ची मिनी कूपर आली आणि तिच्याबरोबरच पुढच्या चाकांना सात इंची डिस्क, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवायच्या चकत्या, आल्या. मिनीची चाके दहा इंची असल्यामुळे त्यांच्या आत याहून मोठी डिस्क मावणे अवघड होते. त्या पहिल्या डिस्क अपुऱ्या पडल्या. म्हणून १९६३ मध्ये १०७१ सी.सी.ची कूपर एस काढताना डिस्क साडेसात इंची केल्या गेल्या आणि पेडलचा जोर वाढवणारा सर्व्हो देण्यात आला. याच मालिकेतील गाडीने १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकली, हे अनेकांच्या लक्षात राहिले. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की इंजिन दोनदा वाढले आणि दोन्ही वेळा कारखान्याने त्याच दिवशी ब्रेकही वाढवले.

मिनीत गिअरबॉक्स इंजिनाखाली, त्याच तेलात बुडालेला होता. त्यामुळे तिच्यात दुसऱ्या घराण्याचे इंजिन बसवणे फार कठीण होते. फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलात आडव्या इंजिनाच्या टोकाला गिअरबॉक्स जोडला आणि दोन चाकांकडे जाणारे अ‍ॅक्सल असमान लांबीचे ठेवले. १९६९ च्या फियाट १२८ मधून ही मांडणी जगभर पसरली आणि आपल्याकडच्या मारुतीही त्याच वळणाच्या आहेत. तिचा एक दोषही सोबत आला. असमान अ‍ॅक्सलमुळे जोरदार इंजिनाखाली स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते. मूळ इंजिन लहान असते तोवर हा दोष जाणवत नाही, इंजिन बदलल्यावर तो पहिल्याच दिवशी हाताला लागतो.

१९७६ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जी.टी.आय. आणली. १५८८ सी.सी.च्या इंजिनाला ११० अश्वशक्ती दिली आणि पुढे मधून हवा खेळणाऱ्या, म्हणजे व्हेंटिलेटेड, डिस्क लावल्या. त्या गाडीने हौशी लोकांना एक नकाशाच दिला. एकाच घराण्यातल्या थोरल्या गाडीचे इंजिन धाकटीत बसते आणि थोरलीचे ब्रेकही धाकटीला लागतात, हे त्यातून उघड झाले. पुढे फोक्सवॅगनच्याच कोराडो जी-६० या गाडीचे २८० मिलिमीटरचे पुढचे ब्रेक जुन्या गोल्फवर चढवण्याची पद्धत युरोपात इतकी रूढ झाली की त्यासाठी चाके पंधरा इंची करावी लागतात, हेही लोकांना पाठ होते. होंडाच्या बाबतीत हीच कहाणी १९८९ च्या बी-१६-ए इंजिनापासून सुरू होते. १५९५ सी.सी. आणि १६० अश्वशक्तीचे ते इंजिन साध्या सिव्हिकमध्ये बसवण्याचा प्रघात अमेरिकेत पडला. जपानमधील सक्तीची आणि खर्चीक नियतकालिक तपासणी हे त्यामागचे एक कारण होते. तिच्यामुळे तिथल्या गाड्या लवकर रस्त्याबाहेर जात आणि चांगल्या स्थितीतली इंजिने स्वस्तात परदेशी रवाना होत.

आपल्याकडे इंजिन बदलण्याची परंपरा याहून वेगळ्या मुळातून आली आणि तिचा एक धागा इंदूरच्या अगदी जवळ आहे. अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांचे इंजिन उभे, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि बॉनेटखाली मोकळी जागा. टॅक्सीवाल्यांनी इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी त्यांत डिझेल इंजिने बसवली आणि मिस्त्रींच्या एका पिढीचा हात या कामावर बसला. कारखानेही तेच करत होते. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एन.ई.मध्ये निसानचे ११७१ सी.सी.चे इंजिन घातले. हिंदुस्तान मोटर्सने इसुझूचे १८१७ सी.सी.चे इंजिन आधी काँटेसात आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बसवले. ही इसुझू इंजिने इंदूरजवळच्या पिथमपूरमध्ये तयार होत. जुन्या आराखड्याच्या गाडीत नव्या देशाचे इंजिन हा प्रयोग असा आमच्या अंगणातच चालू होता आणि इथल्या कित्येक मिस्त्रींना तो अप्रूपाचा कधी वाटलाच नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली आणि या मिस्त्रींना नवे धडे घ्यावे लागले. ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे, चाळीस अश्वशक्तीच्या आतले आडवे इंजिन आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाची गाडी. त्या वजनाला आणि त्या वेगाला बारा इंची चाकांतले छोटे ब्रेक पुरत होते. १९९३ मध्ये ९९३ सी.सी.ची झेन आली आणि १९९४ मध्ये १२९८ सी.सी.ची एस्टीम. या दोघींची इंजिने सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातली. १९९९ मध्ये एस्टीमला सोळा व्हॉल्व्हचे, पेट्रोल फवाऱ्याने देणारे ८५ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले आणि त्याच वर्षी १५९० सी.सी.ची बलेनो दाखल झाली. अपघातात चेपलेल्या एस्टीम आणि बलेनो भंगारात येऊ लागल्या, तेव्हा त्यांची इंजिने झेनच्या पोटात जाणे ओघानेच आले. ८०० आणि अल्टोसाठी वॅगन-आरचे १०६१ सी.सी.चे, ‘एफ’ घराण्यातले इंजिन उपयोगी पडले. झेनच्या मूळ ५० अश्वशक्तीच्या जागी ८५ आली तर पाऊण टनाच्या गाडीचे रूप पालटते, यात संशय नाही.

हे काम अवघड नव्हते असे म्हणणे मात्र मिस्त्रींवर अन्याय होईल. कार्बोरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल फवाऱ्याने देणारे, इंजिन घालायचे तर टाकीतून जास्त दाबाने पेट्रोल देणारा पंप, परतीची नळी, संगणकाचा डबा आणि त्याचे संपूर्ण वायरिंग लागते. माउंटिंग, अ‍ॅक्सलची लांबी आणि त्यांच्या टोकाचे दाते जुळवावे लागतात, रेडिएटर मोठा करावा लागतो. यातले प्रत्येक काम केले नाही तर गाडी चालतच नाही, म्हणून ते केले जाते. ब्रेकचे तसे नाही. जुन्या ब्रेकवर गाडी निघते, गल्लीत थांबते, सिग्नलला थांबते आणि मालक पैसे देऊन जातो. आपल्याकडे इंजिन आणि ब्रेक यांची फारकत झाली ती माझ्या मते इथे. कारखान्यात दोन्हींचा आराखडा एकाच टेबलावर होतो. भंगारातून सुटे इंजिन विकत घेणाऱ्या माणसाला मात्र त्या इंजिनाचे ब्रेक भंगारातच राहिले, हे कळायला घाट लागतो.

ब्रेक वाढवणे म्हणजे नुसती मोठी डिस्क लावणे नव्हे, आणि हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या मोठ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. तो ढकलायला जास्त तेल लागते आणि पेडलच्या जोराने हे तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जाऊ लागते. मास्टर सिलिंडर मोठा केला तर पेडल कडक होते आणि बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या सर्व्होची, गरज वाढते. मारुती ८०० च्या सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांत बूस्टर नव्हताच. बूस्टर इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या निर्वातावर चालतो, त्यामुळे इंजिन बदलताना त्याची नळी आणि एकदिशा झडप नीट जोडली गेली नाही, तर इंजिनाच्या कामातली चूक ब्रेकमध्ये दिसते. मागच्या ड्रमकडे जाणाऱ्या दाबाची झडप मूळ गाडीच्या वजनाप्रमाणे ठरलेली असते. पुढे वजन वाढले की ब्रेक मारताना मागची चाके अधिक हलकी होतात, लवकर अडकतात आणि गाडी मागून फिरते. डिस्क मोठी झाली की चाकाचा रिम मोठा करावा लागतो आणि मोठ्या टायरने चाकाचा परीघ वाढला, तर ब्रेकचा मिळवलेला फायदा थोडा परतही जातो. म्हणून सुटे सुटे भाग जमवण्यापेक्षा ज्या गाडीचे इंजिन, तिचेच कॅलिपर, डिस्क, बूस्टर आणि मास्टर सिलिंडर एकत्र घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तेलाची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. ताजे डॉट-३ दर्जाचे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पाणी शोषलेल्या तेलासाठी तोच निकष १४० अंशांवर येतो. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय तळाला टेकतो. चोरलजवळ आमचे झाले ते हेच. मागच्या ड्रमचा घोटाळा आणखी वेगळा असतो. ड्रम तापून प्रसरण पावतो आणि पट्ट्यांपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडलचा प्रवास वाढतो. डिस्क तापून पॅडच्या दिशेने फुगते, म्हणून तिला हा दोष लागत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. कायद्याने हा बदल अडवण्यामागचे कारण पिथमपूरला गेल्यास प्रत्यक्ष दिसते. तिथल्या नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. त्याच आवारात घर्षण कमी-जास्त असलेल्या पृष्ठभागांवर ब्रेक तपासण्याचे वेगळे मार्ग आहेत. नव्या गाडीचे ब्रेक असे मोजून मंजूर होतात, गॅरेजमध्ये जुळवलेल्या जोडीला ती कसोटी कधीच मिळत नाही.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. झेन आणि एस्टीम त्याआधीच बंद झाल्या होत्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना चॅसी क्रमांकासोबत इंजिन क्रमांकही पुस्तिकेशी ताडून पाहिला जातो आणि इंजिन बदललेल्या गाड्या तिथे अडतात. ज्यांनी मूळ इंजिन जपून ठेवले, ते आता पुन्हा बसवून घेतात. आमच्या झेनचेही तेच झाले. तिचे ९९३ सी.सी.चे इंजिन गोणपाटातून निघून आपल्या जागी परत गेले. घाटातल्या त्या प्रसंगानंतर कारखान्याच्या मूळ मापाने नव्याने बसवलेल्या डिस्क, पॅड, मागचे पट्टे, रबरी नळ्या आणि डॉट-४ तेल यांना मात्र या वेळी हात लावावा लागला नाही.