धावत्या प्लग-इन हायब्रिड गाडीतील चार्जिंग

पेट्रोल इंजिन आणि विजेवरची मोटर अशी दोन्ही साधने असलेल्या आणि बॅटरी घरच्या प्लगवरही भरता येणाऱ्या गाडीला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. ही बॅटरी प्लगवर न भरता वाटेतच इंजिनाच्या जोरावर भरून घेणे म्हणजे धावत्या गाडीतील चार्जिंग. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी वेगळे बटण असते. जपानमध्ये २०१३ साली विक्रीला आलेल्या मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्हीमध्ये १२ युनिटांची बॅटरी आणि ‘सेव्ह’ व ‘चार्ज’ असे दोन पर्याय होते. त्यांपैकी ‘सेव्ह’ आहे तेवढी वीज राखून ठेवतो, तर ‘चार्ज’ तिच्यात भर घालण्यासाठी जास्तीचे पेट्रोल जाळतो. मारुती ग्रँड विटारा किंवा टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारांना प्लगच नसतो आणि त्यांची छोटी बॅटरी गाडी स्वतःच सांभाळते, त्यामुळे वाटेत बॅटरी भरावी की नाही, हा प्रश्न त्यांच्या मालकांना पडत नाही.

या चार्जिंगने ॲव्हरेज वाढते, असा समज आढळतो. बहुतेक वेळा ते घटते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन उत्तम भाराखाली चालत असले, तरी तिच्यातील साधारण ३५ टक्के, म्हणजे जेमतेम ३ युनिटच फिरत्या दांड्यावर येते आणि बाकीची उष्णतेच्या रूपाने रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. पुढे जनित्र, इन्व्हर्टर आणि बॅटरी आपापला वाटा घेतात, तेव्हा सुमारे २.७ युनिट साठतात. मध्यम आकाराची एसयूव्ही एका युनिटात ५ किलोमीटर जाते असे धरले, तर एका लिटरची वीज तिला १३ किलोमीटरच्या आसपास नेते. तीच गाडी साध्या हायब्रिड मोडमध्ये, म्हणजे इंजिन आणि मोटर केव्हा वापरायची हे गाडीवर सोडल्यावर, लिटरला १६ किलोमीटर देत असेल, तर बॅटरीच्या आडवाटेने तीन किलोमीटर गमावले जातात. पैशाचा हिशेब याहून बोलका आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरल्यास १० युनिट साठवायला सुमारे ३९० रुपये पडतात. घरचे युनिट १२ रुपयांचे धरले आणि प्लगवरच्या चार्जिंगमधील घट मोजली, तरी तेवढ्याच साठ्याचा खर्च दीडशेच्या आत राहतो.

तरी वाटेतल्या चार्जिंगच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पेट्रोल इंजिन हलक्या भारावर अकार्यक्षम असते. मुंबई–गोवा महामार्गावर माणगावच्या पुढे सपाट रस्त्याने ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या अशा गाडीला जेमतेम ९-१० किलोवॅट लागतात आणि दोन लिटरच्या इंजिनाला एवढे काम फारच थोडे असते. त्यावर चार्जिंगचा भार टाकला, तर प्रत्येक जादा युनिटामागे लागणारे पेट्रोल सरासरीपेक्षा कमी असते. पण ही बचत साधा हायब्रिड मोड आधीच करून बसलेला असतो. इंजिन सोयीच्या भारावर चालवायचे, उरलेली वीज थोडी साठवायची आणि मग इंजिन बंद करून ती वापरायची, हा खेळ तो मिनिटामिनिटाला खेळतो. चार्ज बटण दाबणारा चालक त्याला फायद्याच्या मर्यादेपलीकडे साठा करायला लावतो.

घाटात हा प्रश्न जास्त रंगतो. दाणोलीहून आंबोली चढताना इंजिन आधीच भाराखाली असते. त्या वेळी चार्जिंग चालू ठेवले, तर मोटरची साथ सुटते, उलट तिचेच ओझे इंजिनावर येते आणि आवाज व पेट्रोल दोन्ही वाढतात. चढासाठी वीज हवी असेल, तर ती आधीपासून राखून ठेवणे बरे. पहिल्या पिढीच्या शेव्हरोले व्होल्टमधील ‘माउंटन मोड’ याच हेतूने होता.

उतारावर मिळणारी वीज मात्र वेगळ्या खात्यातली आहे. १८०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरली, तर सुमारे २.९ युनिट ऊर्जा मोकळी होते. टायर आणि हवा यांच्या विरोधातून उरलेल्या ऊर्जेपैकी सव्वा ते दीड युनिट बॅटरीत परतते, म्हणजे सहा-सात किलोमीटरची सोय होते. ब्रेक लायनर तापवून वाया जाणारी ऊर्जाच इथे हाती लागते. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळीला कोयनेचे पाणी पाडून वीज करतात, त्याच तत्त्वावर हे चालते. मात्र त्यासाठी बॅटरीत जागा लागते. पठारावरून येताना चार्ज बटण दाबून घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर उतारावरची फुकटची वीज घ्यायला जागाच राहत नाही आणि गाडीला ब्रेक किंवा इंजिनाचा अटकाव वापरावा लागतो. पेट्रोल जाळून भरलेल्या बॅटरीमुळे फुकटची वीज नाकारली जाण्याचा हा प्रकार या चार्जिंगमधील सर्वांत मोठी चूक म्हणावा लागेल.

इंधन वाचवण्याखेरीज या सोयीला इतर उपयोग आहेत. वस्तीत शिरताना इंजिन बंद ठेवणे हा त्यांपैकी एक. दुसरा कोकणाला जवळचा आहे: जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली भागातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. बाहेर वीज देणारे सॉकेट असलेली प्लग-इन हायब्रिड अशा वेळी घरचे जनित्र होऊ शकते आणि तिथे ॲव्हरेजचा विचार कोणी करत नाही.

डॅशबोर्डवरील ॲव्हरेजचा आकडा या बाबतीत हमखास फसवतो. विजेवर धावताना तो ९९.९ वर जाऊन बसतो आणि ती वीज करताना आधीच्या पन्नास किलोमीटरमध्ये जळालेले पेट्रोल नजरेआड होते. खरे मोजमाप टाकी फुल ते टाकी फुल असेच घ्यावे लागते. त्यासाठी दोन्ही वेळा बॅटरीची पातळी सारखी असावी आणि प्रवास जाऊन-येऊन धरावा. नाहीतर सावंतवाडीला उतरलेल्याचा हिशेब आंबोलीला चढलेल्याशी कधीच जुळत नाही.