आधी पानाच्या बगलेत बघा

जंगलात फिरायला निघालेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याला फूल कसलं येतं?" प्रश्न चुकीचा नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने वनस्पतींचे वर्ग पाडले तेही फुलातले पुंकेसर मोजूनच. पण सह्याद्रीतली बरीच झाडं वर्षातले थोडेच दिवस फुलतात, आणि फुलली तरी फुलं पार शेंड्याला. एरवी पान, साल आणि चीक यांवरच भागवावं लागतं.

पानापाशीच बरेच जण अडखळतात, कारण पान नेमकं कोणतं हेच ठरत नाही. कडुनिंबाची डहाळी हातात घ्या. मुख्य देठ फांदीला जिथे जोडलेला असतो त्या बगलेत बारीक कळी असते. देठावरच्या दातेरी पात्यांच्या बगलेत ती नसते. कळी असते ती पानाच्याच बगलेत. म्हणजे तो अख्खा देठ पात्यांसकट एकच पान, आणि पाती या त्याच्या पर्णिका. या हिशेबाने पळसाची ती प्रसिद्ध तीन पानंही मिळून एकच.

मग आवळ्याकडे या. दिसायला अगदी चिंचेच्या पानासारखं, आणि इथेच तो फसवतो. आवळ्याचं प्रत्येक इवलं पातं हे स्वतंत्र पान आहे आणि ज्याला आपण देठ समजतो ती नाजूक डहाळी. पुरावा उन्हाळ्याच्या तोंडावर मिळतो: त्या पात्यांच्या बगलांतून पिवळट-हिरवी फुलं निघतात. चिंचेच्या पानावर फूल कधीच येणार नाही. गंमत म्हणजे पानगळीत आवळा या डहाळ्याच पानांसकट टाकून देतो.

वड, उंबर, पायर, नांदरुक ही एका गोतातली झाडं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, पण चीक रुईला आणि कुड्यालाही असतो. पक्की खूण फांदीवर सापडते. कोवळ्या पानाला झाकणारी टोकदार टोपी गळून पडते आणि फांदीभोवती बारीक वळं मागे ठेवते.

ऐन आणि अर्जुन तर सख्खे भाऊच. दोघांच्याही पानाच्या बुडाशी देठाजवळ दोन बारीक ग्रंथी असतात, दोघांच्या फळांना पाच पंख. साल मात्र सगळं सांगून टाकते. ऐनाची काळपट, जाड, मगरीच्या पाठीसारखी चौकोनांत तडकलेली. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. अर्जुन बहुधा ओढ्या-नदीच्या काठाला, ऐन डोंगरउतारावर. खाली वाळकं फळ मिळालं तर पंखावरच्या रेषा बघा: ऐनाच्या सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात. त्यांचाच भाऊबंद किंजळ. त्याच्या फळाला एक पंख मोठा, दोन लहान, आणि पावसाळा सरल्यावर ही लालसर फळं लांबून फुलोराच वाटतात.

मोबाइलमधली ॲप वापरायला हरकत नाही. पण लोक अख्ख्या झाडाचा फोटो काढतात, त्यात हिरवळीपलीकडे काही दिसत नाही. पान फांदीला जोडलेलं दिसेल असा एक फोटो आणि सालीचा एक, एवढं दिलं तर निदान अंदाज बरा येतो.

चीक तपासताना मात्र जपून. बिब्बा आंब्या-काजूच्याच कुळातला. त्याच्या फळातलं काळं तेल कातडीवर फोड आणतं, आणि डाग इतका पक्का की धोबी त्यानेच कपड्यांवर खुणा करत. अनोळखी चीक जिभेला तर लावूच नये.