फिक्स्ड रेग्युलेटरला एडीजेचं सूत्र लावू नका

एलएम२५७६ हा जास्त व्होल्टेज घेऊन कमी, स्थिर व्होल्टेज देणारा स्विचिंग रेग्युलेटर आयसी. त्याचा एडीजे, म्हणजे आउटपुट बाहेरून ठरवता येणारा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. फीडबॅक पिनवर (ज्यातून आयसी आउटपुट तपासतो) १.२३ व्होल्ट, बाहेर दोन रेझिस्टर (वरचा आउटपुटपासून फीडबॅकला, खालचा फीडबॅकपासून ग्राउंडला), आउटपुट = १.२३ × (१ + वरचा ÷ खालचा). त्यावर जास्त बोलत नाही.

घोळ होतो तो एलएम२५७६-५.०, म्हणजे ५ व्होल्टला पक्का केलेला फिक्स्ड प्रकार, घेऊन त्यातून ६ व्होल्ट काढायला बसलं की. पॅकेज तेच, पिनांचा क्रम तोच, म्हणून सूत्रही तेच धरलं जातं. वर ३.९ किलोओम, खाली १ किलोओम, हिशेबाने ६.०३ व्होल्ट. प्रत्यक्षात ५.० चा फीडबॅक पिन १.२३ नव्हे, ५ व्होल्टवर स्थिरावू पाहतो. या जोडणीत त्यासाठी आउटपुट २९ व्होल्टच्या आसपास जायला हवं. इनपुट १२ व्होल्टच असेल, तर स्विच पूर्ण चालू राहतो आणि आउटपुट इनपुटच्या जवळ जाऊन बसतं. पुढे जोडलेल्या सर्किटचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता मुख्य फरक, आणि नेमका तोच समजावताना गाळला जातो. एडीजेचा फीडबॅक पिन नॅनोअँपिअरच्या घरात करंट घेतो, म्हणून बाहेरच्या रेझिस्टरांचं फक्त गुणोत्तर महत्त्वाचं. फिक्स्डमध्ये मात्र डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारी ही रेझिस्टरांची जोडी, आयसीच्या आतच असतो: ५.० मध्ये वर ३.१ आणि खाली १ किलोओम. म्हणजे त्याचा फीडबॅक पिन बाहेरून ४.१ किलोओमचा रेझिस्टर दिसतो आणि साधारण १.२ मिलिअँपिअर ओढतो. आउटपुट आणि फीडबॅकच्या मध्ये ८२० ओम टाकला, की त्यावर १ व्होल्ट पडतो आणि ६ व्होल्ट मिळतात. इथवर गणित बरोबर आहे.

पण ते ४.१ किलोओम भरवशाचे नाहीत. आयसी बनवताना आतल्या दोन रेझिस्टरांचं गुणोत्तर अचूक साधलं जातं, कारण ५ व्होल्ट त्यावरच ठरतात. त्यांचं प्रत्यक्ष मूल्य २० टक्के इकडेतिकडे सहज असू शकतं आणि तापमानाबरोबर सरकतं. तेवढ्या फरकाने तुमचे ६ व्होल्ट ५.८३ ते ६.२५ मध्ये कुठेही पडतील. एका बोर्डावर मोजून ‘जमलं’ म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण पुढचा आयसी वेगळाच आकडा दाखवतो.

उपाय एकच: बाहेरच्या रेझिस्टरांमधून इतका करंट वाहू द्या की आतला करंट नगण्य ठरावा. फीडबॅकपासून ग्राउंडला ४७० ओम लावा. त्यातून १०.६ मिलिअँपिअर, आतले १.२, एकूण सुमारे ११.९. वर ८२ ओम लावला की ५.९७ व्होल्ट. आतलं मूल्य २० टक्के चुकलं तरी आउटपुट फार तर २५ मिलिव्होल्ट हलतं. ४७० ओमवर ५३ मिलिवॅट खर्च होतात, ते मी आनंदाने देईन.

या पद्धतीने व्होल्टेज फक्त वाढतं. ५.० मधून ३.३ हवे असतील तर ३.३ चाच आयसी घ्या. ७८०५ या साध्या ५ व्होल्ट रेग्युलेटरमध्ये करतात तसा आयसीचा ग्राउंड पिन ग्राउंडपासून वर उचलायचाही प्रयत्न नको. स्विचिंगच्या गोंगाटात आयसीचा संदर्भच हलता ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

आणि नवा बोर्ड बनवत असाल तर सरळ एडीजे घ्या. वरची खटपट फिक्स्ड आयसी आधीच बोर्डावर बसलेला असेल तेव्हासाठीच आहे. त्यातही प्रीसेट (फिरवून मूल्य बदलता येणारा छोटा रेझिस्टर) लावायचा असेल तर खालच्या बाजूला, ४७० ओमच्या जागी, एका ठरावीक रेझिस्टरच्या सिरीजमध्ये लावा. तिथे त्याचा संपर्क सुटला तर आउटपुट खाली येतं. वर लावलेल्या प्रीसेटचा संपर्क सुटला, तर आतला डिव्हायडर फीडबॅक पिन शून्यावर खेचतो आणि आउटपुट थेट इनपुटकडे धावतं.